ब्रह्मपुरीचा समुद्रदेव

कोल्हापूर म्हटलें म्हणजे आमच्या वऱ्हाडांतील वाचकांस प्रथम अंबाबाईचें देऊळ आठवतें, मग तेथील तालमी, आणि मग गुळाची पेठ. त्याच शहरांत पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची एक टेकडी आहे, आणि त्या टेकडीच्या पोटांतून ग्रीक लोकांच्या समुद्रदेवाची एक लहानशी कांशाची मूर्ति निघाली आहे, ही गोष्ट मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. समुद्र तेथून सह्याद्रीच्या पलीकडे. ग्रीस देश तर त्याहून किती तरी दूर. असें असतां हा देव तेथें आला कसा, आणि त्याहूनही नवलाची गोष्ट म्हणजे तो आजवर टिकला कसा, याचा विचार आम्ही येथें करणार आहों. ग्रीक पुराणांतील कथा आमच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या इंग्रजी वाचनाच्या पुस्तकांत वाचलेल्या आहेत. त्या कथांतील एक पात्र महाराष्ट्राच्या मातींत सांपडावें, हें वाचून त्यांस कौतुक वाटेल अशी आमची खात्री आहे.

या देवाचें नांव पोसायडन. ग्रीक लोकांची अशी कथा आहे कीं, क्रोनस याच्या तीन पुत्रांनीं चिठ्ठ्या टाकून सृष्टीची वांटणी केली. आकाश झ्यूसच्या वांट्यास गेलें, पाताळ हेडीसच्या, आणि समुद्र पोसायडनच्या. त्याच्या हातीं त्रिशूळ असतो. तो जमिनीवर मारला म्हणजे भूकंप होतो, पाण्यावर मारला म्हणजे तुफान उठतें. घोडे हेंही त्याचेंच वाहन. स्वभावानें मोठा दीर्घद्वेषी. ओडिसियसनें त्याच्या एकडोळ्या पुत्रास आंधळें केलें म्हणून त्यानें त्या वीरास वर्षानुवर्षे घरीं पोंचूं दिलें नाहीं. अथेन्स नगराच्या मालकीसाठीं अथीना देवीशीं त्याची चढाओढ लागली, तेव्हां यानें खडकांतून खाऱ्या पाण्याचा झरा काढून दाखविला व तिनें जैतुनाचें झाड उगवून दाखविलें. नगरवासीयांनीं झाड पसंत केलें. आम्हांस त्यांची निवड शहाणपणाची वाटते. रोमन लोक याच देवास नेपच्यून म्हणत. आपल्याकडील वरुणाशीं कोणी त्याची तुलना करितात, परंतु ती फार ताणूं नये. वेदांतील वरुण हा ऋताचा व न्यायाचा रक्षक आहे, आणि न्यायाशीं पोसायडनचा संबंध बेताचाच होता.

येथें एखादे ख्रिस्ती पालक विचारतील कीं, मिशनच्या शाळेच्या वार्षिकांत या परक्या दैवताचें वर्णन कशाला? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचें उत्तर देऊनच पुढें जातों. प्रेषित पौल अथेन्स शहरीं गेला तेव्हां तें नगर मूर्तींनीं भरलेलें पाहून त्याच्या चित्ताचा संताप झाला, असें प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलें आहे. तरी त्यानें त्यांतील एकाही मूर्तीस हात लावला नाहीं. त्यांच्या पूजास्थानांचें त्यानें बारकाईनें निरीक्षण केलें, आणि एका वेदीवरील लेखाचाच आधार घेऊन आपल्या भाषणास आरंभ केला. पुढें माल्टा बेटावरून रोमकडे जातांना तो ज्या गलबतांतून गेला, तें अलेक्झांड्रियाचें असून त्यावर ग्रीक पुराणांतील जुळ्या भावांचें चिन्ह होतें. ज्या काळीं पौल त्या गलबतांत बसला, त्याच काळाच्या आसपास अशींच गलबतें मिसर देशाहून आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे येत होतीं. म्हणजे हा पोसायडन, त्याची पूजा आम्हांस मान्य नसली तरी, पवित्र शास्त्रांतील जगाचाच एक अवशेष आहे. आणि सृष्टींतल्या तांब्याकथिलापासून मनुष्याच्या हातानें काय घडूं शकतें, हें पाहण्यांत आम्हांस कांहीं दोष दिसत नाहीं.

आतां शोधाची हकीकत. ब्रह्मपुरी टेकडीवर जुन्या वस्तीच्या खुणा फार पूर्वींपासून दिसत असत. १९४५ च्या सुमारास तेथें प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांनीं केलेल्या खोदकामांत धातूच्या पुष्कळ वस्तु हातीं आल्या. त्यांत ही मूर्ति होती. पुढें १९४५-४६ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनीं तेथें शास्त्रीय पद्धतीनें उत्खनन केलें. सातवाहन राजांच्या काळीं, म्हणजे सुमारें अठराशें ते दोन हजार वर्षांपूर्वीं, या जागीं भरभराटलेलें व्यापारी नगर होतें, असें त्यावरून सिद्ध झालें. मूर्तीबरोबर निघालेल्या वस्तूंत रोमन घडणीची एक सुबक झारी आहे, आरसा आहे, आणि आपल्याकडील कारागिरांनीं घडविलेला, पाठीवर माणसें बसलेला एक हत्तीही आहे. तो हत्ती व त्यावरील स्वार पाहून आम्हांस पोसायडनइतकाच आनंद होतो, हें सांगितलेंच पाहिजे. विदेशी वस्तु तेवढी चांगली असा समज कोणी करून घेऊं नये.

मूर्ति वीतभर उंचीचीही नाहीं. दाढी असलेला, भरदार छातीचा, प्रौढ वयाचा पुरुष उभा आहे. एवढ्याशा आकारांतही पोटाचे व खांद्याचे स्नायु असे उठविले आहेत कीं, केवळ छायाचित्र पाहणारास ती पुरुषभर उंचीची वाटावी. ही मूर्ति रोमन साम्राज्यांत ओतली गेली. तिचें मूळ त्याहून जुनें असून, अलेक्झांडर बादशहाच्या वेळचा प्रसिद्ध मूर्तिकार लिसिपस याच्या घडणीच्या वळणाशीं ती जुळते, असें तज्ज्ञ मानतात. लिसिपसनें करिंथ शहरासाठीं पोसायडनची कांशाची मूर्ति केली होती, असा जुन्या ग्रंथांत उल्लेख आहे.

ती इतक्या लांब आली कशी? पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची जी माहिती लिहून ठेविली, तींत भडोच, कल्याण, चौल, पैठण व तेर या आपल्या ओळखीच्या गांवांचीं नांवें आहेत. पावसाळी वाऱ्याच्या जोरावर गलबतें इकडे येत. तिकडून तांबें, कथील, शिसें, पोवळीं, कांच व द्राक्षारस आणीत, आणि इकडून सुती कापड, मिरीं, हस्तिदंत व रंगीत खडे नेत. पैठण व तेर येथून गाड्यांवर माल लादून तो वाटेंत चढउतार सोसून भडोचेस नेत, असेंही तो लिहितो. आमच्या मानोऱ्याच्या मुलांस याचें चित्र डोळ्यांपुढें आणणें कठीण नाहीं. पोहरादेवीच्या यात्रेस जमणाऱ्या बंजारा बांधवांचे पूर्वज पुढील काळांत हजारों बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून याच दख्खनच्या वाटा तुडवीत असत. अशाच कोणा सार्थवाहाच्या गोणींतून हा देव घाट चढून आला असावा.

आणि ही ये-जा एकतर्फी नव्हती. इटलींतील पाँपेई शहर इ. स. ७९ त ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालें. तेथील एका घरांत १९३८ सालीं हिंदी घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. तशाच धाटणीची हस्तिदंती मूर्ति आपल्या जालना जिल्ह्यांतील भोकरदनच्या उत्खननांत निघाली आहे. त्यांचा देव आमच्या करवीरांत, आमची स्त्री त्यांच्या पाँपेईंत. दोघेही मातीखालीं निजून राहिले म्हणूनच आपणांस भेटले.

मातीखालीं निजण्याचें महत्त्व विद्यार्थ्यांच्या ध्यानांत यावें म्हणून कांशाची मूर्ति कशी होते हें थोडें सांगतों. कांसें म्हणजे तांबें व कथील यांचा मिलाफ. सुमारें नऊ भाग तांब्यांत एक भाग कथील पडलें म्हणजे धातु अधिक कठीण होते, निव्वळ तांब्यापेक्षां कमी आंचेवर वितळते, आणि सांच्याच्या बारीक कानाकोपऱ्यांत सहज शिरते. कारागीर प्रथम मेणाची मूर्ति करितो. केसांची बट, नखें, डोळ्यांच्या कडा, जें काय कोरावयाचें तें सर्व मेणांतच. मग तिच्यावर बारीक मळलेल्या मातीचे लेप एकावर एक चढवितो, धातु ओतण्यास व हवा बाहेर पडण्यास वाटा ठेवितो, आणि लेप वाळल्यावर तो गोळा तापवितो. मेण वितळून निघून जातें व आंत मूर्तीच्या आकाराची पोकळी राहते. त्या पोकळींत मुशींतला रस एका दमांत ओततात. निवाल्यावर माती फोडली कीं मूर्ति हातीं येते. मग कानस व छिन्नी. मोठी मूर्ति असल्यास आंत मातीचा गाभा ठेवून ती पोकळ ओततात. नाहीं तर धातु फार लागते व निवतांना तडे जातात.

ही कला ग्रीकांचीच होती असें मात्र समजूं नये. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या मानसोल्लास या ग्रंथांत हीच रीत सांगितली आहे, आणि तिला मधूच्छिष्टविधान असें नांव आहे. मधूच्छिष्ट म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेलें तें, अर्थात् मेण. एवढा गोड पारिभाषिक शब्द आम्हांस तरी दुसरा ठाऊक नाहीं. ज्यांनीं एखाद्या ओताऱ्यास बैलांच्या गळ्यांतल्या घंटा किंवा घुंगरें ओततांना पाहिलें असेल, त्यांस यांतील बराचसा भाग न सांगतां समजेल.

परंतु जो गुण कांशास मूर्तिकाराचें आवडतें करितो, तोच त्याचा घातही करितो. जें एकदां वितळलें तें पुनः वितळतें. दगडाची मूर्ति भंगली तर तिचे तुकडे राहतात. कांशाची मूर्ति मुशींत गेली कीं तिची निशाणी उरत नाहीं, आणि तिच्या धातूचें नाणें होतें, भांडें होतें किंवा तोफ होते. लिसिपसनें आपल्या हयातींत पंधराशें मूर्ति केल्या, असें प्लिनी नांवाचा रोमन ग्रंथकार सांगतो. प्रत्येक मूर्तीच्या मोबदल्यांतून तो सोन्याचें एक नाणें पेटींत टाकीत असे. त्याच्या मृत्यूनंतर वारसानें पेटी उघडली तेव्हां ही संख्या कळली. त्या पंधराशेंपैकीं त्याच्याच हातची म्हणून निर्विवाद दाखवितां येईल अशी एकही मूर्ति आज शिल्लक नाहीं. उरल्या आहेत त्या नकला, बहुतेक संगमरवरी, आणि ब्रह्मपुरीच्या मूर्तीसारख्या लहानसहान कांशाच्या.

या नाशाचा एक प्रसंग आमच्या धर्मबांधवांच्या नांवावर लिहिलेला आहे, आणि तो लपविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. लिसिपसनें केलेला हेराक्लीस या वीराचा प्रचंड पुतळा टॅरेंटम शहरांतून रोमला व तेथून कॉन्स्टँटिनोपलला गेला होता. त्याच्या अंगठ्याभोंवतीं जेवढी दोरी लागे तेवढींत एका माणसाचा कमरपट्टा व्हावा, असें त्या शहरींच्या निकेटस नांवाच्या इतिहासकारानें लिहिलें आहे. इ. स. १२०४ त पश्चिमेकडील धर्मयोद्ध्यांनीं, म्हणजे ख्रिस्ती लोकांनींच, तें ख्रिस्ती शहर लुटलें, आणि तो पुतळा इतर अनेक पुतळ्यांसह वितळवून त्यांचीं नाणीं पाडलीं. मूर्तिपूजेचा तिटकारा हें त्याचें कारण नव्हे. शिपायांस पगार द्यावयाचा होता.

हेराक्लीस मात्र अशानें मेला नाहीं. पुढें सातशें वर्षांनीं फ्रान्स देशांत एका शिल्पकारानें त्यास पुनः कांशांत उभें केलें. त्याचें नांव आंत्वान बुर्देल. सुतारकाम करणाऱ्या बापाचा हा मुलगा मोंतोबां गांवीं १८६१ सालीं जन्मला आणि पॅरिसमध्यें रोदँ या थोर शिल्पकाराच्या हाताखालीं त्यानें अनेक वर्षें काम केलें. १९०९ सालीं त्यानें धनुर्धारी हेराक्लीसचा पुतळा घडविला. स्टिंफेलस सरोवरावर लोकांस छळणारे पक्षी होते, त्यांस हा वीर बाण मारीत आहे असा प्रसंग आहे. एक गुडघा जमिनीकडे टेकत आलेला, दुसरा पाय समोरच्या खडकावर ताठ रोंवलेला, डावा हात धनुष्यासह पुढें गेलेला आणि उजवा मागें ओढलेला. गंमत अशी कीं, धनुष्यास दोरी नाहीं व त्यावर बाणही नाहीं. तरी पाहणारास दोरीचा ताण प्रत्यक्ष जाणवतो, कारण तो सगळा ताण शिल्पकारानें त्या वीराच्या पाठींत व मांड्यांत भरला आहे. या कामीं एक फ्रेंच लष्करी अधिकारी त्याच्यापुढें त्या अवघड आसनांत उभा राहत असे. आपला चेहरा ओळखूं येऊं नये अशी त्याची विनंति होती, म्हणून बुर्देलनें मस्तकाची ठेवण निराळी केली. तो अधिकारी १९१६ सालीं व्हर्दूनच्या रणांगणांत पडला. ज्या देहावरून तो पुतळा घडला तो देह मातींत गेला. पुतळ्याच्या प्रती पॅरिस, न्यूयॉर्क व टोकियो येथें आहेत. सांचा जपून ठेविला म्हणजे कांशाच्या अनेक प्रती ओततां येतात, हा या धातूचा दुसरा गुण. फ्रान्समधील शाळकरी मुलांच्या वह्यांच्या वेष्टनावरही हें चित्र छापलें जात असे, असें कळल्यापासून हा पुतळा आम्हांस विशेष जवळचा वाटूं लागला आहे.

त्याच फ्रान्सांत, दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांचा अंमल असतां, ११ ऑक्टोबर १९४१ रोजीं असा कायदा झाला कीं, कलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्व नसलेले सार्वजनिक जागींचे धातूचे पुतळे काढून वितळवावे. महत्त्व कोणास आहे व कोणास नाहीं हें ठरविणारे अर्थातच सरकारचे लोक. पॅरिसच्या रस्त्यांतून व्हॉल्तेर गेला, रूसो गेला. कित्येक चबुतरे वर्षानुवर्षे रिकामे राहिले. धर्मयोद्ध्यांस जाऊन सातशें वर्षें झालीं होतीं, मूस मात्र तीच.

आतां हें सर्व दूरदेशचें झालें, असें कोणी म्हणेल. आपल्या घरांत काय चालतें तें पाहा. लग्नसराई आली, स्टीलची भांडीं घ्यावयाचीं ठरलें, कीं माळ्यावरची जुनी परात, पणतीचें झाड, आजीचा गडू, सारें मोडीच्या भावानें दुकानांत जातें. तें तराजूंत पडतांना त्यावरील अक्षरें वा नक्षी कोणी वाचीत नाहीं. नांगराला लागलेल्या जुन्या धातूच्या वस्तूचीही तीच गत होते. कोणी भीतीनें ती नदींत टाकितो, कोणी रात्रींतून विकतो.

आमच्या जिल्ह्याचा इतिहास अशा चार पत्र्यांवर अवलंबून होता, ही गोष्ट पालकांनीं मुलांस अवश्य सांगावी. वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. तेथें १९३९ सालीं वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट उजेडांत आला. त्याच्या चार पत्र्यांवर, राज्याच्या सदतिसाव्या वर्षीं वत्सगुल्म येथून एक गांव ब्राह्मणांस दान दिल्याचा लेख आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं तो वाचला, आणि वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा वाशीमास राज्य करीत होती हें तेव्हां विद्वानांस कळलें. त्याच शाखेच्या हरिषेण राजाच्या काळीं त्याच्या मंत्र्यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें. तांब्याचे ते चार पत्रे वजनानें किती भरले असते? एका घागरीपुरते तरी भरले असते कीं नाहीं, कोण जाणे. तसेंच मूर्तिजापूर तालुक्यांतील राजनापूर खिनखिनी येथें सांपडलेल्या जैन धातुमूर्ति आज नागपूरच्या मध्यवर्ति संग्रहालयांत आहेत. तें ठिकाण आपल्यापासून कांहीं फार दूर नाहीं.

शेतांत कांहीं सांपडलें तर सरकार तें फुकट घेऊन जाईल, अशी भीति खेड्यांतून फार आहे, आणि पुष्कळ वस्तु मुशींत जातात त्या या भीतीमुळेंच. म्हणून कायदा काय म्हणतो तें थोडक्यांत देतों. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीची पुरलेली वस्तु सांपडल्यास सांपडविणारानें कलेक्टरास लेखी कळवावें. चौकशीअंतीं तिचा कोणी धनी न निघाल्यास व दुसरा कांहीं करार नसल्यास, तीन हिस्से सांपडविणाराचे व एक हिस्सा जमिनीच्या मालकाचा. सरकारास ती वस्तु संग्रहासाठीं ठेवावयाची असेल तर धातूची किंमत व तिच्यावर आणखी पांचवा हिस्सा देऊन ती घेतां येते. न कळविणारास मात्र त्याच्या हिश्शास मुकावें लागतें, आणि शिक्षाही होऊं शकते. पुढें १९७२ सालीं झालेल्या कायद्यानें अशा पुराणवस्तु खासगी माणसानें देशाबाहेर पाठविण्यास बंदी केली आहे.

ब्रह्मपुरीचा पोसायडन कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहांत आहे. ती इमारत शहराच्या मध्यभागीं, सी. पी. आर. रुग्णालयाजवळ, झाडींत आहे; एकोणिसाव्या शतकांत बांधलेली असून तीही पाहण्याजोगी आहे. आमच्या वाचकांपैकीं कोणी देवदर्शनास किंवा सोयऱ्यांकडे तिकडे गेले तर त्यांनीं मुलांस घेऊन तेथें घटकाभर थांबावें. मूर्ति फार लहान आहे. घाईनें चालणारास दिसणारही नाहीं. जवळ जाऊन आधीं तिच्या पाठीकडील बाजू पाहतां आली तर पाहावी, कारण कारागीर किती प्रामाणिक होता हें मूर्तीच्या पाठीवरून कळतें. मग तो हत्ती पाहावा, आणि त्याच्या पाठीवर किती जण बसले आहेत तें मुलांस मोजावयास सांगावें.